देखाव्यातली आग

ती रील तुमच्याही फोनवर येऊन गेली असणार. बाहेर गुडघाभर बर्फ, पाइनची झाडं, त्यात उभा एक छोटा कॅम्पिंग ट्रेलर. कॅमेरा दारातून आत शिरतो. लोकरीचे मोजे घातलेले दोन पाय, वाफाळता मग, पायाशी झोपलेलं कुत्रं आणि समोरच्या भिंतीत चक्क शेकोटी धगधगतेय. मागे गिटार वाजतंय. आपण कल्याण फास्टमध्ये चेंगरून उभे असतो आणि मनात येतं, आयुष्य असावं तर असं.

ती शेकोटी विजेची असते. ज्वाळा खोट्या असतात. एवढ्यावर माझी काही तक्रार नाही. खोट्या ज्वाळांवर आपण लहानाचे मोठे झालो आहोत. गणपतीच्या देखाव्यात लंकादहन असायचं तेव्हा खाली एक टेबलफॅन आडवा ठेवलेला असे, त्यावर केशरी-पिवळ्या सॅटिनच्या पट्ट्या फडफडत आणि मधे लाल बल्ब. लांबून बघताना अंगावर काटा यायचा. पण त्या आगीवर हात शेकायला कधी कुणी गेलं नाही. देखावा आहे हे मंडळाला माहीत होतं, रांगेतल्या पोरांनाही माहीत होतं.

अमेरिकेत ट्रेलर बनवणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी मात्र हा देखावा घर उबदार ठेवायचं साधन म्हणून विकायला काढला आहे, आणि लोक त्याच्या भरवशावर थंडीत जाऊन झोपतायत. माझं भांडण त्याच्याशी आहे. आणि थोडं माझ्याशीही, कारण मी त्याला भुलले आणि त्याची किंमत माझ्या आईने मोजली.

‘अगं, ही तर गार आहे’

आम्ही मिशिगनमध्ये राहतो, डेट्रॉइटपासून फार लांब नाही. तीन वर्षांपूर्वी एक वापरलेला ट्रेलर घेतला. ट्रेलर म्हणजे गाडीमागे जोडून ओढून न्यायचं, चाकांवरचं घर. आमचं चोवीस फुटांचं आहे. एका टोकाला पलंगाची खोली, मधे ओटा आणि चिमुकलं बाथरूम, दुसऱ्या टोकाला सोफा. सोफ्यासमोर टीव्ही आणि टीव्हीखाली भिंतीत बसवलेली ती इलेक्ट्रिक फायरप्लेस. दाखवायला आलेल्या विक्रेत्याने दार उघडल्यावर सगळ्यात आधी तीच चालू केली. भिंतीची जाडी किती, आत काय भरलंय, खालून वारा लागतो का, हे त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. लेक तर आगीसमोर मांडी घालूनच बसला. सौदा तिथेच झाला म्हणा ना.

त्या ऑक्टोबरात आई साताऱ्याहून आली होती. पानगळीचे रंग दाखवायला म्हणून तिला घेऊन आम्ही उत्तरेकडे, लेक सुपीरियरच्या बाजूला गेलो. तिसरा आठवडा, म्हणजे हंगाम संपत आलेला. कॅम्पग्राउंडवर विजेचं कनेक्शन होतं. ट्रेलरची स्वतःची गरम हवेची भट्टी आहे, ती प्रोपेनच्या सिलिंडरवर चालते. पण प्रोपेन आपल्या पैशाचं आणि वीज जागेच्या भाड्यात धरलेली. नवरा म्हणाला, फायरप्लेसच चालू ठेवू, भट्टी लागलीच तर आपोआप सुरू होईल. मला ते पटलं. मलाही ती आग बघायचीच होती.

संध्याकाळी आई त्या आगीसमोर आली. गावाकडे पहाटे शेगडीपुढे बसतात तशी उकिडवी बसली आणि तिने दोन्ही तळवे ज्वाळांपुढे धरले. क्षणभर तशीच राहिली. मग एक बोट काचेला लावलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “अगं, ही तर गार आहे.”

आम्ही हसलो. लेकाने आजीला समजावलं की ऊब ज्वाळांतून येत नाही, वरच्या फटीतून येते. आजीने फटीपाशी हात नेला, “असं होय” म्हणाली आणि उठून शाल आणायला गेली.

त्या रात्री बाहेर पारा उणे ७ अंशांपर्यंत उतरला. आम्ही तिघं सोफ्याच्या बाजूला झोपलो होतो, आगीजवळ. आईला मोठा पलंग मिळावा म्हणून तिला टोकाच्या खोलीत झोपवलं होतं आणि आमच्या बोलण्याचा त्रास नको म्हणून मधलं दार लावून घेतलं होतं. सकाळी मी दार उघडलं तर आत फ्रिज उघडल्यासारखं झालं. खोलीत ८ अंश होते. आई स्वेटर, शाल, दोन ब्लँकेटं आणि माझं जाकीट अंगावर घेऊन पलंगावर बसून होती. रात्री दोनपासून बसली होती. हाक का मारली नाहीस म्हटलं, तर म्हणाली, “तुम्ही दमला होता. आणि आग तर चालू होती की.”

तेवढ्यात नवऱ्याने चहाला पाणी घ्यायला नळ सोडला. पाणी आलं नाही. ट्रेलरच्या पोटातला पाइप गोठला होता.

१५०० वॅट म्हणजे १५०० वॅट

आता या यंत्राच्या आत काय असतं ते बघू. काचेमागे एलईडी दिवे असतात. त्यांच्यापुढे एक दांडा छोट्या मोटरवर सावकाश फिरतो आणि त्याला चकाकणाऱ्या पट्ट्या लावलेल्या असतात. प्रकाश त्यांच्यावरून उसळून मागच्या पडद्यावर हलतो, त्या झाल्या ज्वाळा. पुढे प्लॅस्टिकचे ओंडके. या सगळ्याला वीज लागते ती एखाद्या साध्या बल्बइतकी. ऊब येते ती वेगळ्याच जागेतून. एक तार तापते आणि तिच्यामागचा पंखा गरम हवा फटीतून बाहेर ढकलतो. म्हणजे मोठा हेअर ड्रायर. ज्वाळा चालू ठेवून ऊब बंद करता येते, ऊब चालू ठेवून ज्वाळा बंद करता येतात. दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

अमेरिकेतल्या घरगुती सॉकेटवर चालणारी जवळजवळ सगळी अशी यंत्रं जास्तीत जास्त १५०० वॅटची असतात. तिथे वीज १२० व्होल्टची, म्हणजे हे यंत्र साडेबारा अँपिअर खेचतं, आणि साध्या १५ अँपिअरच्या सर्किटवर तासन्‌तास यापेक्षा जास्त भार टाकणं धोक्याचं असतं. त्यामुळे दुकानातला सगळ्यात स्वस्त, बुटाच्या खोक्याएवढा हीटर १५०० वॅटचा, तेल भरलेला रेडिएटर १५०० वॅटचा आणि भिंतीतली ऐटबाज फायरप्लेसही १५०० वॅटचीच. तार तापवून मिळणाऱ्या उष्णतेत कुणी कुणापेक्षा कार्यक्षम नसतं. जेवढी वीज आत, तेवढी उष्णता बाहेर. म्हणजे जाहिरातीत ‘कार्यक्षम’ हा शब्द दिसला तर तो खोटा नसतो, फक्त शेजारच्या स्वस्तातल्या खोक्यालाही तो तितकाच लागू असतो.

जाहिरातीत आणखी एक आकडा हमखास असतो: ४०० चौरस फूट जागा उबदार करते. आमचा ट्रेलर चोवीस बाय आठ, म्हणजे १९२ चौरस फूट. निम्म्यापेक्षा कमी! माणूस डोळे मिटून विश्वास ठेवणारच. पण तो आकडा चांगल्या बांधलेल्या, आधीच उबदार असलेल्या घरातल्या एका खोलीला जोड म्हणून धरलेला असतो. तिकडच्या पक्क्या घराची भिंत चार ते सहा इंचांची आणि आत गच्च भरलेली. ट्रेलरची भिंत दीड-दोन इंचांची. वर छप्पर उघडं, खाली जमीन उघडी, सहाही बाजूंनी थंडी. खिडक्यांच्या काचा बहुतेक वेळा एकपदरी. घरातल्या खोलीच्या तीन भिंतींपलीकडे दुसऱ्या उबदार खोल्या असतात. ट्रेलरच्या पलीकडे मिशिगन असतं.

परत आल्यावर नवऱ्याने कागदावर ढोबळ हिशेब मांडला. छप्पर, जमीन आणि भिंती मिळून आमच्या ट्रेलरची बाहेरची कातडी सव्वाआठशे चौरस फुटांच्या आसपास भरते. तेवढ्या पातळ कातडीतून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असेल तर साधारण ९० वॅट निसटून जातात. फटींतून जाणारं वेगळंच. म्हणजे १५०० वॅटच्या जोरावर आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा फार तर पंधरा अंशांनी वर राहतं. बाहेर ५ असेल तर आत २०, झकास. बाहेर उणे ७ असेल तर आत ८. आईच्या खोलीत नेमके तेवढेच होते.

जी भट्टी आम्ही पैसे वाचवायला चालू दिली नाही, ती अशा ट्रेलरमध्ये साधारण पाच ते आठ हजार वॅटइतकी उष्णता आत सोडते. तिला ज्वाळा आहेत, खऱ्या आहेत, पण त्या पत्र्याआड असतात. तिचा आवाज होतो, ती दिसायला काहीच नाही. तिच्यापुढे मोजे घालून कुणी रील करत नाही.

ट्रेलरच्या पोटात

‘भट्टी लागलीच तर आपोआप सुरू होईल’ हा आमचा भरवसा कुठे फसला, ते समजून घेण्यासारखं आहे. कारण हीच चूक सगळ्यात जास्त लोक करतात.

भट्टी सुरू व्हायची की नाही, हे थर्मोस्टॅट ठरवतो. आमचा थर्मोस्टॅट फायरप्लेसपासून हातभर अंतरावर आहे. आम्ही त्याला १६ अंश सांगितले होते. फायरप्लेसची गरम हवा त्याच्या अंगावर जात होती, त्यामुळे त्याच्या दृष्टीने ट्रेलरमध्ये रात्रभर सगळं आलबेल होतं. पलीकडच्या खोलीत माणूस गारठतंय हे त्याला कळायला मार्गच नव्हता. भट्टी एकदाही पेटली नाही.

आणि भट्टीचं काम फक्त खोली तापवणं नसतं. थंडीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच ट्रेलरांत तिच्या गरम हवेची एक वाट जमिनीखाली सोडलेली असते, जिथे पाण्याच्या टाक्या आणि पाइप असतात. भट्टी चालली की पोटही उबदार राहतं. फायरप्लेसची हवा तिथे पोचत नाही. म्हणजे फायरप्लेस जितकं चोख काम करेल, तितकी भट्टी कमी चालेल आणि तितके पाइप गोठतील. वर कॉफी आणि गिटार, खाली बर्फ.

पाइप वितळवायला शेजारच्या जागेवरचे आजोबा हेअर ड्रायर घेऊन आले. पूर्वी बस चालवायचे. बायकोच्या आजारपणात घर गेलं तेव्हापासून जुन्या ट्रेलरमध्येच राहतात. हे कॅम्पग्राउंड बंद झालं की दक्षिणेकडे, बाराही महिने उघड्या असलेल्या दुसऱ्या एका जागी जाऊन हिवाळा काढतात. त्यांच्या ट्रेलरभोवती जमिनीपर्यंत फोमच्या पाट्या उभ्या केलेल्या, खिडक्यांना आतून चंदेरी फॉइल लावलेलं. बाहेरचा तलाव त्यांना दिसत नाही, आत दिवसाही दिवा लागतो. त्यांच्याकडेही फायरप्लेस होती, ट्रेलरबरोबर आलेली. आग असते चालू, म्हणाले, पण गरम हवेचं बटण नाही दाबत. हिवाळ्यातल्या जागेवर त्यांना महिन्याने पैसे भरावे लागतात आणि विजेचं मीटर वेगळं असतं. हीटर दिवसरात्र चालवला तर रोजचे ३६ युनिट. समजा युनिटला १८ सेंट धरले, तर महिन्याला दोनशे डॉलरच्या जवळ. आणि तेवढे भरूनही आत ८ अंश.

ते ड्रायर धरून ओल्या जमिनीवर पाऊण तास आडवे पडले होते. त्या ड्रायरचे आणि आमच्या शेकोटीचे वॅट जवळपास सारखेच. फरक एवढाच की ड्रायर त्यांनी जिथे उष्णता हवी तिथे नेला.

‘पण ताई...’

हे मी आमच्या मित्रमंडळींत सांगितलं तेव्हा बरेच आक्षेप आले. ते सगळे खोडून काढण्यासारखे नाहीत, म्हणून एकेक घेते.

पहिला आक्षेप सगळ्यात वजनदार: विजेच्या उष्णतेत धूर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. बरोबर आहे. बंद जागेत उघड्या ज्योतीचा हीटर किंवा गॅसची शेगडी रात्रभर चालू ठेवणं हा जिवाशी खेळ आहे, तो कुणीही खेळू नये. पण ट्रेलरची भट्टी उघड्या ज्योतीची नसते. ती हवा बाहेरून घेते, धूर बाहेर सोडते, आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असणं नियमानेच बंधनकारक आहे. अलार्म चालू आहे ना, भट्टी तपासून घेतली आहे ना, एवढं बघा. उलट धोका कधी येतो? भिंतीतली शेकोटी पुरत नाही, भट्टी बिघडलेली असते किंवा सिलिंडर संपलेला असतो आणि माणूस मध्यरात्री उठून ओट्यावरची शेगडी पेटवतो तेव्हा. अपुरा हीटर सुरक्षित असतो, असं म्हणताना हे दुसरं पाऊलही मोजायला हवं.

शिवाय विजेचा स्वतःचा धोका आहेच. अमेरिकेतल्या अनेक ट्रेलरांना बाहेरून मिळणारं कनेक्शन ३० अँपिअरचं असतं, म्हणजे सगळी मिळून ३६०० वॅट. फायरप्लेस १५००, पाणी तापवायचा विजेचा घटक १४०० च्या आसपास, त्यात कुणी मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडला. रात्री तीन वाजता पडला तर थेट सकाळी कळतं. ज्यांच्या ट्रेलरमध्ये फायरप्लेस नाही ते सुटा हीटर आणतात आणि एक्स्टेन्शनवर लावतात. अमेरिकेचा ग्राहकवस्तू सुरक्षा आयोग सांगून थकला की हीटरची पिन थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच लावा. साडेबारा अँपिअर तासन्‌तास खेचले की कमजोर वायर आणि सैल जोड तापतात. तिथली आग देखाव्यातली नसते.

दुसरा आक्षेप: कॅम्पग्राउंडची वीज फुकट असते, मग का वापरू नये? वापरा की. बाहेर ८-१० अंश असताना, संध्याकाळचा गारवा मारायला, भट्टीच्या जोडीने जरूर वापरा. पण ती फुकट नसते, भाड्यात घातलेली असते. आणि मीटर लागलं की पुढचा हिशेब काय होतो ते त्या आजोबांना विचारा.

तिसरा आक्षेप आमच्या एका मैत्रिणीचा: “तुला वातावरणनिर्मिती कळतच नाही.” कळते गं. मलाही ती आग आवडते. मीच तर भुलले होते. डोळ्यांना ऊब वाटते आणि त्यात काही गैर नाही. पण मग ती दिवा म्हणून विका. दिव्याच्या किमतीला विका. खोक्यावर ठळक लिहा की ही १५०० वॅटची आहे, गोठणाऱ्या थंडीत ही एकटी पुरणार नाही, आणि हिच्यामुळे तुमची भट्टी गप्प बसू शकते. मंडळवाले देखाव्यापुढे दानपेटी ठेवतात, अग्निशमनाचं वाहन म्हणून तो कुणाला विकत नाहीत.

घर कुणाला म्हणायचं

आता मूळ मुद्दा. ही यंत्रं ट्रेलरमध्ये आलीच का?

अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट या गावात आणि त्याच्या आसपास बनतात. महासाथीच्या काळात मागणी इतकी वाढली की २०२१ साली या उद्योगाने सुमारे सहा लाख वाहनं बाहेर काढली, आजवरचा विक्रम. एवढ्या घाईत दुकानात उभ्या ट्रेलरने गिऱ्हाइकाला पहिल्या दोन मिनिटांत जिंकायचं असतं. भिंतीतलं इन्सुलेशन दोन मिनिटांत दिसत नाही, कधीच दिसत नाही. दोनपदरी काच फोटोत एकपदरीसारखीच दिसते. दिसते ती आग. म्हणून खर्च आगीवर होतो. आणि आग दिसली की डोक्यात ‘घर’ हा शब्द येतो, कारण चुलीशिवाय घर ही कल्पना जगात कुणालाच करता येत नाही.

गंमत अशी की तिथले नियम या वाहनांना घर मानत नाहीत. करमणूक, कॅम्पिंग, प्रवास किंवा हंगामी वापरासाठीचा तात्पुरता निवारा, अशीच त्यांची व्याख्या आहे. म्हणजे कागदावर तात्पुरता निवारा आणि भिंतीत कायमच्या घराचं सगळ्यात मोठं चिन्ह.

हे फक्त हौशी लोकांपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. आमच्यासारख्यांची एक रात्र वाया जाते, घरी परत येऊन आपण गरम पाण्याने आंघोळ करतो. पण त्या आजोबांसारखी कितीतरी माणसं अमेरिकेत बारा महिने ट्रेलरमध्ये आणि व्हॅनमध्ये राहतात. जेसिका ब्रूडर यांनी त्यांच्यावर २०१७ साली ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक लिहिलं, क्लोई झाओंनी त्यावरून काढलेल्या सिनेमाला २०२१ साली ऑस्कर मिळालं. २००५ च्या कतरिना वादळानंतर सरकारने बेघर झालेल्यांना ट्रेलर दिले. पुढे तपासणीत त्यांतल्या अनेकांच्या हवेत फॉर्मल्डिहाइड हा त्रासदायक वायू जास्त प्रमाणात सापडला. तात्पुरत्या निवाऱ्याला घर म्हटलं की काय होतं, याचा धडा तेव्हाच मिळायला हवा होता.

मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटाच्या सीमेवर, रेड रिव्हरच्या खोऱ्यात, दर ऑक्टोबरला साखर-बीट निघतं. त्या हंगामाला देशभरातून माणसं आपापले ट्रेलर घेऊन येतात, बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात आणि रात्री त्या पातळ भिंतींच्या आड झोपतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बीडहून निघणाऱ्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर आठवले. त्याच सुमारास आपल्याकडे ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो, साताऱ्या-सांगलीच्या फडांजवळ कोप्या उभ्या राहतात. इथेही साखर, इथेही थंडी, इथेही चार-सहा महिन्यांचं छप्पर. फरक आहे, मोठा आहे. पण त्या कोपीला निदान कुणी ‘स्वप्नातलं घर’ म्हणून विकलेलं नाही. तिच्यापुढच्या तीन दगडांच्या चुलीवर भाकरी होते आणि हातही शेकतात.

ट्रेलर घेणाऱ्या गरीब अमेरिकन माणसाला आग विकली जाते, भिंत विकली जात नाही. हिवाळ्यात त्याला लागते ती भिंत.

तर मग

तुमच्यापैकी कुणी शिकायला किंवा नोकरीला तिकडे जाल, मित्रमैत्रिणी मिळून ट्रेलर भाड्याने घ्याल, ऑक्टोबरात कुठेतरी सुंदर जागी न्याल. जरूर न्या. आत शिरल्यावर आग चालू केली जाईल, तेव्हा तिच्याकडे पाठ करून तीन प्रश्न विचारा. भट्टी चालते का? पोटातल्या पाइपांना गरम हवा मिळते का? भिंतीत आणि खिडक्यांत काय आहे? विचारल्यावर समोरच्याचा चेहरा बघा, बरंचसं उत्तर तिथेच मिळेल. रात्री पारा शून्याखाली जाणार असेल तर भट्टी चालू राहील असं बघा, खोल्यांची दारं उघडी ठेवा, थर्मोस्टॅटवर गरम हवेचा झोत जाऊ देऊ नका. आणि सगळ्यात लांबच्या खोलीत थर्मामीटर ठेवा. आगीजवळच्या माणसाला थंडी कळत नाही.

आम्ही आमची फायरप्लेस काढली नाही. काढली तर भिंतीला मोठं भोक पडेल. नवऱ्याने खिडक्यांना फॉइल लावलंय, जमिनीलगत फोमच्या पाट्या बसवल्या आहेत, थर्मोस्टॅट हलवून मधल्या भिंतीवर आणलाय. सगळं मिळून आतून ट्रेलर एखाद्या गुंडाळून ठेवलेल्या डब्यासारखा दिसतो. रील करण्यासारखं काही उरलेलं नाही.

आई पुढच्या सप्टेंबरात परत येतेय. या वेळी पलंग आगीजवळ लावू म्हटलं तर म्हणाली, “आगीजवळ नको, त्या आवाज करणाऱ्या भट्टीजवळ लाव.” लावणार आहे. आणि तिला बजावून ठेवलंय, रात्री गारठलीस तर आम्ही कितीही दमलेलो असलो तरी हाक मार.